उत्तर कट्ट्यावरची मालसुन मावशी

माझ्या टॅक्सीत लाल मफलर घालून बसायचं नाही. छोंगपो स्टेशनाबाहेर रांगेत उभा असतो, गिऱ्हाईक दार उघडतं, तेव्हा मी आधी त्याच्या गळ्याकडं बघतो. लाल दिसलं की सांगतो, काढा आणि पिशवीत घाला, नाहीतर मागची गाडी बघा. परवा एक सूटबूटवाला म्हणाला, "अहो, बायकोनं विणलाय हो, फुटबॉलचा काही संबंध नाही." म्हटलं, "मग बायकोला सांगा, लोकरीच्या दुकानात दुसरे रंगपण मिळतात." गेला बिचारा मागच्या गाडीत. जाऊ दे. नामजिनच्या संघाचा रंग माझ्या गाडीत शिरला की मला दिवसभर जेवण जात नाही.

तर असा मी, सामदो. आणि तरीही आमच्या उत्तर कट्ट्यावर मला सगळे शांत माणूस समजतात. कारण माझ्या शेजारी मालसुन मावशी उभी असते.

उत्तर कट्टा म्हणजे मैदानातल्या उत्तरेकडच्या गोलामागच्या पायऱ्या. तिथं खुर्च्या आहेत, पण बसत कुणी नाही. पूर्ण सामना उभं राहून ओरडायचं, हा नियम. पांग मालसुन सत्तरीला टेकलीय, गुडघे गेलेत, तरी पहिल्या ओळीत लोखंडी कठडा धरून उभी. मासळी बाजारात तिचा माकुलांचा गाळा आहे. माकूल चिरायची, साफ करायची, खारवायची आणि गच्चीवर दोरीला वाळत घालायची. हातात सुरी असते तेव्हा तोंडही तसंच चालतं. मालसुन म्हणजे शेवटची. पाचवीपण मुलगीच झाली म्हणून बापानं वैतागून ठेवलेलं नाव. "मी जन्मले तेव्हाच माझ्यावर ओरडले सगळे, मग मी का गप्प बसू?" असं ती सांगते, आणि गप्प बसत नाही.

गेल्या नोव्हेंबरात या मावशीच्या घरात कोण राहणार हे फुटबॉलच्या मैदानावर ठरायचं होतं. तिचा नवरा को मानसोक घरी परत यायचं म्हणत होता. मावशी त्याला घेणार का नाही, यावर अख्ख्या बाजारानं डोकं लावलं होतं. ती घेईल असं बहुतेकांना वाटत होतं. घेऊ नये असं मला वाटत होतं, आणि मी ते मोठ्यानं म्हणत होतो.

कारण सांगतो. तुम्हालाही चीड आली पाहिजे.

आमचा संघ निळा. सिमेंट कंपनीचा होता, पण गावाचा होता. मानसोक त्या संघाचं सामान सांभाळायचा. जर्सी धुवायच्या, बुटांचे खिळे बदलायचे, चेंडूत हवा भरायची, पोरांना पट्ट्या आणून द्यायच्या. कंपनीनं कपडे वाळवायचं यंत्र काही दिलं नाही, म्हणून तो धुतलेल्या जर्सी घरी आणायचा आणि गच्चीवर मावशीच्या माकुलांशेजारीच दोरीला लावायचा. त्यामुळं आमच्या पोरांच्या अंगाला कायम वाळल्या माकुलाचा वास. बाहेरचे संघ नाक दाबून हसायचे. "माकूलवाले आले रे!" म्हणून चिडवायचे. आम्ही काय केलं? आम्ही वाळली माकुलंच हातात घेऊन मैदानावर जायला लागलो. गोल झाला की तीन हजार माकुलं हवेत. ज्याला वास येतो त्यानं लांब बसावं.

मग वीसेक वर्षांमागचा तो फेब्रुवारी आला. मावशी पहाटे लिलावाला गेली होती. बाजारातल्या रेडिओवर बातमी लागली की छोंगपोचा संघ या हंगामापासून नामजिनमधून खेळेल. तिथं नवं मैदान आहे, मेट्रो आहे, माणसं जास्त आहेत. रंग लाल. मावशी आधी हसली. म्हणाली, रेडिओवाल्यानं सकाळी सकाळी सोजू मारली वाटतं. मग कुणीतरी धावत आलं की कंपनीचा ट्रक मैदानावरून सामान भरून निघालासुद्धा. ती एप्रन न काढता घरी पळाली. दोरीवर माकुलं होती, जर्सी एकही नव्हती. मानसोकची गादी नव्हती, भाताचा वाडगा नव्हता.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "कंपनीनं सांगितलं आजच हलवा. नोकरी आहे, मालसुन. तूपण ये, इथं खोली देणारायत."

मावशीनं फोन ठेवला. नामजिन काय परदेशात नाही, खाडीवरचा पूल ओलांडला की पाऊण तासावर आहे. पण ती त्या पुलावर कधी पाय ठेवणार नव्हती.

सप्टेंबरात छुसोकच्या सणाला तो आला. हातात नासपतीची पेटी आणि अंगात कंपनीचं लाल जॅकेट! अरे, निदान जॅकेट तरी बदलून यायचं! आमच्याकडं नको असलेला माणूस दारातून गेला की त्याच्या मागं चिमूटभर मीठ टाकतात. मावशीनं माकूल खारवायचं घमेलं उचललं आणि तो समोर उभा असतानाच त्याच्या डोक्यावर ओतलं. नासपती गल्लीभर. मी टॅक्सीतून त्याला पुलापर्यंत सोडला. वाटभर तो केसांतलं मीठ झाडत होता आणि मी एक शब्द बोललो नाही, कारण बोललो असतो तर त्याला पाण्यात ढकललं असतं.

पुढं वीसेक वर्षं हे असंच. दर नव्या वर्षाला तो फोन करायचा. मावशी विचारायची, "नामजिन हरलं का?" तो नाही म्हणाला तरी फोन ठेवायची, हो म्हणाला तरी ठेवायची. घटस्फोट घेतला नाही. लोकांनी विचारलं की म्हणायची, "मी कशाला अर्ज करू? पळाला कोण?"

आणि आम्ही? आमच्याकडं संघच नव्हता. नऊ हंगाम आम्ही कुलूप लावलेल्या मैदानाच्या फाटकासमोर उभं राहून गाणी म्हटली. रखवालदाराला वाटायचं आम्हाला वेड लागलंय. एकदा महापौरांची गाडी आली, तेव्हा मावशीनं ओलं, चांगलं हातभर माकूल त्यांच्या काचेवर फेकलं. ते तिथं चिकटून बसलं. ड्रायव्हरनं वायपर चालवला, तर ते इकडून तिकडं फिरायला लागलं. पोलीस चौकीत नेलं, तिथं साहेबानं विचारलं, "मावशी, तुमचं म्हणणं काय आहे?" मावशी म्हणाली, "म्हणणं एकच. आमचा संघ नेला, आम्हाला विचारलं का?" साहेबानं चहा पाजला आणि सोडून दिलं. तो पण छोंगपोचाच होता.

शेवटी गावानं स्वतःचा संघ काढला. पार खालच्या गटातून सुरुवात, पोरं दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी सरावाला. पण निळा. हळूहळू वर चढलो. आणि गेल्या शरदात चषकाच्या सोडती टीव्हीवर लागल्या. आम्ही बाजारातल्या रश्श्याच्या दुकानात बसलो होतो. चिठ्ठीत आधी निघालं छोंगपो, घरचं मैदान. मग दुसरी चिठ्ठी. नामजिन.

दुकानात कुणी घास गिळला नाही. मावशी बाटली ठेवून म्हणाली, "या म्हणावं. या मेल्यांनो."

त्याच आठवड्यात मला मानसोकचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"सामदो, मी निवृत्त होतोय. या सामन्यानंतर आठवडाभरात खोली सोडायचीय. छातीत जाळी बसवलीय मला."

"मग? मी काय करू? डॉक्टर आहे का मी?"

"तसं नाही रे. घरी यावं म्हणतो. तू तिला जरा विचार ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू विचार की! तुझी बायको आहे!"

"मी फोन केला की ती नामजिन हरलं का विचारते आणि ठेवते."

"बरोबरच करते," म्हटलं आणि मीही ठेवला. पण निरोप निरोप असतो. दुसऱ्या दिवशी गाळ्यावर जाऊन सांगितला. मावशीची सुरी माकुलाच्या पोटात अर्धी जाऊन थांबली.

"त्याला तोंड नाही का?"

"आहे. पण भितो तुला."

"जाळी कधी बसवली?"

"ते नाही विचारलं."

तिनं सुरी पुढं ओढली, आतडं काढून बादलीत टाकलं. मग म्हणाली, "कट्ट्यासमोर ये म्हणावं. गेलेले सगळे तिथंच येतात. तोही तिथंच येईल."

ही आमची रीत आहे. आमचा सोडून गेलेला खेळाडू दुसऱ्या संघातून खेळायला आला, की सामना संपल्यावर तो एकटा मैदान ओलांडून आमच्या कट्ट्यासमोर येतो आणि कमरेत वाकतो. आम्ही टाळ्या वाजवल्या तर मिटलं, तो पुन्हा आपला. आम्ही पाठ फिरवली तर तो मेला आमच्यासाठी. यातून मोठमोठे सुटले नाहीत. पण कपडे धुणारा माणूस कट्ट्यासमोर वाकायला आलाय असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. मावशीनं मानसोकला खेळाडूंच्या रांगेत बसवलं होतं, आता हा मान होता का फास, ते तिलाच ठाऊक.

बाजारानं मात्र लगेच अर्थ काढला. 'ये' म्हणाली ना? झालं तर! त्यात तिनं मागच्या खोलीच्या भिंतींना नवा कागद लावून घेतला. ओल आली होती म्हणून लावला, पण बायका म्हणाल्या, बघा, खोली सजवतेय. निम्मं गाव हळवं झालं.

सामन्याच्या आधी कट्ट्याची बैठक योमच्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानात झाली. योम दोंगचोल आमचा ढोलवाला, चाळिशीचा, अंगानं रेडा आणि मनानं लोणी. तो म्हणाला, "टाळ्या तर वाजवूच, पण मी म्हणतो एक मोठा फलक करू. 'मानसोक दादा, घर वाट बघतंय.' सामना संपला, दादा वाकले, की डोक्यावरून उघडायचा. मावशीला आधी सांगायचं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

"पाणी?" मी उठलोच. "ज्या माणसानं आपल्या जर्सी स्वतःच्या हातानं ट्रकात भरल्या, त्याच्यासाठी फलक? वीस वर्षं लाल कपडे धुतलेत त्यानं! पाठ फिरवायची. सगळ्यांनी. विषय संपला."

"सामदो काका, म्हातारा झालाय तो."

"नामजिनला जाताना तरणा होता ना?"

"काका, तुमचं लग्न झालंय का?"

सगळे हसले. माझं झालं नाही, हे खरं. हात वर करून मतं घेतली, मी आणि दोघं सोडून सगळे फलकाच्या बाजूनं. मी कोंबडी तशीच टाकून निघालो. योमनं दुकानाच्या मागच्या खोलीत ताडपत्री अंथरून अक्षरं रंगवली. चार दिवस त्याच्या कोंबडीला रंगाचा वास येत होता आणि मावशी सोडून सगळ्या गावाला कारण माहीत होतं.

सामन्याचा दिवस. दुपारची वेळ, समुद्रावरून असा गार वारा की कानाच्या पाळ्या दुखत होत्या. समोरच्या टोकाला नामजिनचे आले, लालेलाल. आणि काय करून आले असतील? सगळ्यांनी नाकाला कपड्यांचे चिमटे लावले होते! हजारभर माणसं चिमटे लावून नाकात गात होती, "माकूलवाले, आंघोळ करा!" माझ्या कानशिलाची शीर ताडताड उडायला लागली.

"चोर!" मावशीनं सुरुवात केली. योमनं ढोलावर दणका दिला. "चोर! चोर! चोर!" पायऱ्या हलत होत्या. "नाव चोरलं, घर चोरलं, चिमटेसुद्धा आमच्याच दोरीवरचे!" हे शेवटचं मावशीनं जागच्या जागी जुळवलं आणि सगळ्या कट्ट्यानं उचललं.

पहिला गोल आमचा. वेल्डिंगच्या कारखान्यातलं पोरगं, डोक्यानं मारला. माकुलं हवेत, सोजू अंगावर, मी कुणाला तरी मिठी मारली, बघतो तर पोलीस. मग त्यांनी बरोबरी केली. ठीक आहे, ते वरच्या गटातले, त्यांचे पगार आमच्या गावाच्या घरपट्टीपेक्षा जास्त. बरोबरी चालली असती. पण शेवटच्या मिनिटांत चेंडू आमच्या बचावाच्या पोराच्या खांद्याला लागला, खांद्याला, मी देवाची शपथ घेऊन सांगतो, आणि पंचानं पेनल्टी दिली.

"अरे मुडद्या, तो खांदा होता!" मावशी कठड्यावर अर्धी चढली. "तुझ्या आईनं तुला खांद्यानं भरवलं का रे?"

गोल झाला. शिट्टी वाजली. दोन-एक. चिमटेवाले नाचत होते. मी खुर्चीला लाथ मारली, खुर्ची तशीच राहिली आणि अंगठा सुजला. आजूबाजूला पोरं रडत होती. मला रडू येत नव्हतं, मला कुणाला तरी बदडायचं होतं.

आणि नेमका तेव्हाच तो आला.

नामजिनचे खेळाडू आपल्या लोकांकडं पळाले आणि त्या गर्दीतून एक लाल जॅकेटवाला म्हातारा उलट्या दिशेनं चालायला लागला. मैदानाच्या मधून. पाय ओढत. तो इतका लहान झाला होता की मी आधी ओळखलंच नाही. कट्ट्यासमोर धावपट्टीपाशी थांबला, टोपी काढली, कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला.

 सगळ्यांच्या नजरा मावशीच्या पाठीवर. तिचे हात कठड्यावर आवळलेले. कुणी टाळी वाजवेना, कुणी पाठ फिरवेना. मी फिरवणार होतो, पण तिच्या आधी कशी फिरवू?

योमला धीर निघाला नाही. त्यानं हात वर केला. वरच्या पायऱ्यांवरून ताडपत्री सरसरत आमच्या डोक्यांवरून खाली आली आणि पोरांनी कडा धरून ती ताणली. 'मानसोक दादा, घर वाट बघतंय.'

मावशी मागं वळली. वाचलं. पुन्हा वाचलं.

"कुणाचं घर?"

पोरांनी ताडपत्री आणखी ताणली.

"मी विचारते, कुणाचं घर? कोण वाट बघतंय?"

"मावशी," योम पुढं आला, "आम्हाला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. आम्ही सगळ्यांनी मतं घेऊन..."

"मतं घेतलीत!" तिचा आवाज फाटला. "माझ्या घराची मतं तुम्ही कोंबडीच्या दुकानात घेतलीत? आणि माझं मत? मी मेले होते का रे, दोंगचोल? कंपनीलाही असंच वाटलं होतं! नामजिनला मेट्रो आहे, माणसं जास्त आहेत, सगळ्यांचं बरं होईल असं वाटलं होतं त्यांना! त्यांनी गावाला विचारलं नाही. आणि तुम्ही? वीस वर्षं माझ्या शेजारी उभं राहून तेच ओरडलात, आणि तुम्ही मला विचारलं नाहीत!"

योमच्या तोंडचं पाणी पळालं. मीही मान खाली घातली. मी बैठकीत भांडलो होतो खरा, पण ते फुटबॉलवरून. तिला जाऊन विचारावं हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

"उलटा करा," मावशी म्हणाली. "ऐकू येत नाही? उलटा करा तो!"

फलक उलटा धरणं म्हणजे काय हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. संघमालकावर, प्रशिक्षकावर थुंकायचं असलं की आम्ही फलक उलटे करतो. आमचा स्वतःचा फलक आम्ही स्वतःवरच उलटा कधी केला नव्हता. पोरांनी कडा फिरवल्या. अक्षरं डोक्यावर उभी राहिली. समोर नामजिनचे चिमटेवालेसुद्धा नाचायचे थांबले आणि इकडं बघायला लागले.

मग ती कठड्याकडं वळली.

"सरळ उभा राहा. वाकून मला दिसत नाही तुझं तोंड."

मानसोक सरळ झाला. टोपी दोन्ही हातांत चुरगळलेली.

"त्या दिवशी पहाटे मी लिलावाला निघाले," मावशी म्हणाली. आता ओरडत नव्हती, पण शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जात होतं. "तू जागा होतास. मी 'येते' म्हटलं. तू 'ये' म्हणालास. तुला तेव्हा माहीत होतं का?"

त्यानं टोपी आणखी पिळली.

"माहीत होतं का?"

"होतं," तो म्हणाला. "आदल्या संध्याकाळी सांगितलं साहेबांनी. मालसुन, मला तरी कुणी विचारलं? कपडे धुणाऱ्याला कोण विचारतं? ट्रक आला, चढव म्हणाले, मी चढवलं."

"तुला नाही विचारलं म्हणून तू मला विचारायचं नाही? रात्रभर माझ्या शेजारी झोपलास आणि बोलला नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"असते म्हणाले!" मावशीनं कठड्यावर मूठ आपटली. "शंभरदा म्हणाले असते! भांडले असते, ट्रकासमोर आडवी पडले असते! म्हणून तर विचारायचं असतं, गाढवा! तू मला भांडूसुद्धा दिलं नाहीस!"

तिचा आवाज मोडला. इतकी वर्षं मी समजत होतो की ती लाल रंगावर चिडलीय. लाल रंगावर मी चिडलो होतो.

मानसोकनं टोपी खाली गवतावर ठेवली. हात शरीराला चिकटवले, एखादं पोरगं मास्तरांसमोर उभं राहतं तसा उभा राहिला.

"मग आता विचारतो. मालसुन, मी घरी येऊ का?"

ढोलावर योमचा हात होता, तो त्यानं उचलून घेतला. माझ्या मागं एक म्हातारी पुटपुटत होती, हो म्हण ग बाई, हो म्हण. आणि मला स्वतःलाच कळेना की मला काय ऐकायचंय.

"नाही," मालसुन मावशी म्हणाली.

मानसोकनं मान हलवली. पुन्हा एकदा वाकला, टोपी उचलली आणि मैदान ओलांडून परत गेला. कुणी टाळी वाजवली नाही आणि कुणी पाठही फिरवली नाही. आमच्या रीतीत यासाठी काही ठरलेलंच नव्हतं.

मी मावशीला टॅक्सीतून घरी सोडायला निघालो. एरवी ती पुढं बसते आणि घरापर्यंत पंचाच्या सात पिढ्यांची पूजा बांधते. आज मागं बसली. दीपगृहाचं वळण आलं. मग मला राहवेना. आता तुम्ही म्हणाल, मला हवं होतं तेच झालं, मग मी का तडफडत होतो? मलाही माहीत नाही. पण चालताना पाय ओढणारा तो म्हातारा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता, आणि त्यानं माझं डोकं आणखी फिरलं होतं.

"मावशी, त्याच्या छातीत जाळी आहे."

"माहितीय मला. तूच सांगितलंस."

"आठवडाभरात खोली सोडायचीय त्याला."

"तेही तूच सांगितलंस."

आरशात बघितलं तर ती रडत होती. पुसतही नव्हती, गालांवरून हनुवटीवर आणि तिथून निळ्या मफलरवर.

"आणि त्यानं परत विचारलं तर?"

"विचारलं तर सांगीन."

"काय सांगशील?"

"त्याला सांगीन," मावशी म्हणाली. "तुला कशाला? आरशात काय बघतोस मेल्या, पुढं बघ आणि गाडी चालव."